स्काउटमास्तरांनी टोपी घालावी काय?

प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी कोणत्याही तालुक्याच्या गावी ध्वजवंदनाच्या मैदानावर जाऊन उभे राहिले, तर एक विसंगती हमखास दृष्टीस पडते. शाळेच्या स्काउटपथकातील मुले राखाडी सदरा, निळी विजार, गळ्यात वॉगलने आवळलेला स्कार्फ आणि डोक्यावर एका बाजूस ओढून बसविलेली गडद निळी बॅरेट अशा संपूर्ण इतमामात ओळीने उभी असतात. आणि त्यांना ‘सावधान’चा हुकूम देणारे स्काउटमास्तर मात्र तोच सदरा, तोच स्कार्फ, परंतु डोके उघडे आणि टोपीची घडी खांद्यावरच्या पट्टीखाली खोचलेली, अशा थाटात समोर असतात. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली की ती टोपी डोक्यावर चढते, आणि पाहुणे चहाकडे वळले की पुन्हा पट्टीखाली जाते. मागच्या ओळीतला एखादा चौकस मुलगा हे सारे पाहत असतो, आणि आपल्या कपाळावर लोकरीखाली साचलेला घाम पुसता पुसता, टोपी चांगली असेल तर सर ती काढतात का, आणि वाईट असेल तर आम्हांला ती घालायला लावतात का, असा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचा निकाल नियमाच्या कलमावर बोट ठेवून लावता येईल. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेच्या नियमांत वडील माणसांच्या गणवेशालाही शिरोवेष्टन सांगितलेले आहे, शीख बांधवांस त्याऐवजी त्यांची पगडी बांधण्याची मुभा आहे, आणि नियम आहे म्हणून टोपी घालावी, एवढे म्हटले की दप्तरी वाद मिटतो. परंतु टोपी ही वस्तू मुळात काय काम करते, ते काम कोणत्या टोपीने साधते, आणि घालणारा मनुष्य पुढारी असला म्हणजे त्या कामात काय फरक पडतो, हे समजल्यावाचून नियम पाळण्यातही गोडी नाही आणि मोडण्यातही नाही.

हॅटचा मूळ धंदा

स्काउटांच्या जुन्या चित्रांत जी रुंद काठाची, माथ्याला चार खळगे पाडलेली हॅट दिसते, ती इंग्लंडची नव्हे. जॉन स्टेट्सन नावाच्या टोपीवाल्याने १८६५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात कारखाना काढला आणि पश्चिमेकडील मोकळ्या माळरानांवर गुरे राखणाऱ्या लोकांसाठी रुंद काठाच्या हॅटी बनविण्यास आरंभ केला. त्या जातीची हॅट अमेरिकन माग काढणारे लोक आफ्रिकेत घेऊन गेले. १८९६ साली माटाबेलेलँडमध्ये, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या मुलुखात, रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश अंमलदाराची गाठ फ्रेडरिक बर्नहॅम नावाच्या अशाच एका अमेरिकन माग्याशी पडली. रानात टेहळणी कशी करावी याचे बरेचसे ज्ञान बेडन-पॉवेलने त्याच्यापासून उचलले. तसली हॅटही पुढे त्याच्या पोषाखाचा भाग बनली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंग गावाच्या २१७ दिवसांच्या वेढ्याने हा मनुष्य इंग्लंडात घरोघरी माहीत झाला. १९०७ साली त्याने ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरविली आणि १९०८ साली पुस्तक लिहून बालवीर चळवळीचा पाया घातला, तेव्हा मुलांच्या डोक्यावरही तीच हॅट आली.

ही हॅट नमद्याची असते. सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या पाणजनावराच्या बारीक केसांवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि दाब यांच्या योगाने ते केस एकमेकांत सरकतात, परंतु खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत, आणि विणीवाचून, शिवणीवाचून एकजीव असे दाट कापड तयार होते. त्यातून पाऊस लवकर झिरपत नाही. माथ्याचे चार खळगे शोभेचे वाटतात, परंतु त्यांच्यामुळे माथा निमुळता होऊन पाणी साचत नाही आणि पोकळ माथ्याला कडकपणाही येतो. शिवाय टाळू आणि नमदा यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा राहतो. बालवीरांच्या जुन्या पुस्तकांत या हॅटने विस्तव फुलवावा, तिच्यात पाणी आणावे, असले उपयोगही सांगितलेले असत. सांगण्याचा मुद्दा असा की ही हॅट आधी हत्यार होती आणि नंतर गणवेश झाली.

वळचणीचे गणित

काठाचे काम समजून घेण्यासाठी जुन्या घराची वळचण डोळ्यांपुढे आणावी. छप्पर भिंतीच्या बाहेर जितके झुकलेले असेल तितकी भिंत सावलीत राहते. परंतु ती सावली किती खाली उतरेल हे केवळ छपरावर अवलंबून नसते, सूर्य किती वर आहे यावरही असते. भर दुपारी संपूर्ण भिंत सावलीत असते आणि सायंकाळी तिरपे ऊन थेट उंबऱ्यापर्यंत येते, हे वाड्यात वाढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. कपाळ म्हणजे भिंतीचा माथा, हनुवटी म्हणजे जोते आणि हॅटचा काठ म्हणजे वळचण.

आता आकडे पाहू. प्रौढ माणसाच्या भुवईपासून हनुवटीपर्यंतचे अंतर साधारण १२ ते १३ सेंटिमीटर धरले, तर सूर्य क्षितिजापासून ६० अंश वर असताना साडेसात सेंटिमीटर काठाची सावली बरोबर हनुवटीला टेकते. याहून सूर्य वर गेला की मान आणि कानही झाकले जातात. पुण्याचे अक्षांश साडेअठरा असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातसुद्धा तो दुपारी ४८ अंशांच्या खाली जात नाही. उलट लंडनला डिसेंबराच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश चढतो. तेथे तीच हॅट भुवयांपुरती सावली देते आणि बाकीचा चेहरा उन्हात राहतो, अर्थात ऊन असलेच तर!

> चौकट : साडेसात सेंटिमीटर काठाची सावली किती खाली पोहोचते?
> सूर्य २० अंश वर असता : सुमारे २.७ सेंटिमीटर (जेमतेम डोळे)
> ३० अंश : ४.३ सेंटिमीटर
> ४५ अंश : ७.५ सेंटिमीटर (नाकाच्या खालपर्यंत)
> ६० अंश : १३ सेंटिमीटर (हनुवटीपर्यंत)
> ७५ अंश : २८ सेंटिमीटर (चेहरा, कान, गळा)
> बॅरेटला काठच नसल्यामुळे कोणत्याही वेळी चेहऱ्यावर पडणारी सावली : शून्य

या हिशेबात एक कसर आहे. सूर्याचे अतिनील किरण केवळ वरूनच येत नाहीत. आकाशातून विखरून आणि जमिनीवरून परावर्तित होऊनही येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू त्यांतील सुमारे १५ टक्के परत फेकते आणि ताजे बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. म्हणून अलिबागच्या किनाऱ्यावरील शिबिरात हॅट घातलेल्या मास्तरांच्याही नाकाचा शेंडा काळवंडतो. आपल्या सावळ्या कातडीला त्वचेच्या कर्करोगाची धास्ती गोऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी आहे, हे खरे. परंतु डोळ्याच्या भिंगाला कातडीचा रंग वाचवू शकत नाही, आणि मोतीबिंदूच्या कारणांत वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडलेल्या अतिनील किरणांची गणना होते. ज्या मनुष्याचा निम्मा जन्म मैदानावर जातो, त्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

डोके तापते म्हणजे काय होते

शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे निघून जाते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरे नव्हे. डोक्याचा पृष्ठभाग संपूर्ण शरीराच्या सुमारे दहावा हिस्सा असतो आणि उष्णतेचा व्यवहारही साधारण त्याच प्रमाणात चालतो. मात्र उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत डोके आणि खांदे हेच काय ते सूर्यासमोर आडवे पसरलेले भाग असतात, बाकीचे शरीर उभे असल्यामुळे भर दुपारी किरण त्याला चाटून जातात. म्हणून टाळूवर पडणारा भार तिच्या आकाराच्या मानाने फार मोठा ठरतो.

त्या भारातून सुटण्याची शरीराची मुख्य युक्ती म्हणजे घाम. केवळ घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम कातडीवर संपूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम टपटप गळून गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून टोपीची परीक्षा दोन गोष्टींवर करावी: ती ऊन अडविते काय, आणि आतल्या ओल्या हवेला बाहेर जाण्यास वाट देते काय. साहेबाची सोलाहॅट दिसायला कितीही हास्यास्पद असली तरी या दोन्ही परीक्षांत उत्तम उतरे, कारण शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्यात हवेचे असंख्य कप्पे असतात आणि डोक्याभोवतीची पट्टी व कवच यांच्यामध्ये मोकळी फट ठेवलेली असे. शेतकऱ्याचे सैलसर मुंडासेही आपल्या परीने तेच करते. कापडाच्या थरांमध्ये कोंडलेली हवा उन्हाला वरच थोपविते.

आता या परीक्षेला बॅरेट बसवून पाहा. रंग गडद निळा, म्हणजे प्रकाश गिळणारा, कापड लोकरीचे, डोक्याला घट्ट चिकटून बसणारी चामड्याची किंवा कापडाची कड, टाळू आणि टोपी यांच्यामध्ये हवेला जागा नाही, आणि काठ तर नाहीच. पट्टीखाली टोपी खोचणारे आमचे स्काउटमास्तर शिस्तीच्या दृष्टीने अपराधी असतील, परंतु पदार्थविज्ञानाच्या कचेरीत त्यांची बाजू भक्कम आहे.

काठ गेला, बॅरेट आली

मग ही टोपी आली कशी? ब्रिटनच्या रणगाडा दलाने १९२४ साली काळी बॅरेट स्वीकारली, आणि त्याचे कारण अगदी साधे होते: रणगाड्याच्या पोटात इतकी दाटी असते की काठाची टोपी पदोपदी अडकते, आणि काळ्या रंगावर तेलाचे डाग दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात निरनिराळ्या पलटणींनी निरनिराळ्या रंगांच्या बॅरेटी उचलल्या आणि रणगाड्यातल्या अडचणीची ही टोपी शौर्याची खूण होऊन बसली. ब्रिटिश स्काउटांनी १९६७ साली आपला पोषाख बदलला तेव्हा रुंद काठाची हॅट आणि आखूड चड्डी या दोहोंना मुलांच्या बाबतीत रजा मिळाली आणि हिरवी बॅरेट आली. लंडनच्या सूर्याचे वर दिलेले अंश पाहता, त्यांचे त्यात फारसे बिघडले नाही. जेथे सूर्य वर्षातून दोनदा टाळूवर येतो, तेथे तीच फॅशन शिरजोर व्हावी, याला मात्र अनुकरणाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही. विशेष म्हणजे त्याच महायुद्धात ब्रह्मदेशच्या रानात लढणाऱ्या ब्रिटिश फौजेने आपली जुनी शिरस्त्राणे टाकून रुंद काठाची मऊ हॅट पसंत केली होती.

अमेरिकेतील कथाही बोधक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या अमेरिकन शिपायांना लोखंडी शिरस्त्राण मिळाले, आणि ते घातल्यावर रुंद हॅट ठेवावी कोठे हा प्रश्न उभा राहिला. म्हणून घडी करून खिशात बसणारी, आपल्या गांधीटोपीच्या दूरच्या बहिणीसारखी दिसणारी टोपी आली. पुढे ती स्काउटांकडेही गेली. रुंद हॅट मात्र मेली नाही. ती रानरक्षकांच्या डोक्यावर राहिली, आणि १९५६ साली मरीन दलातील व १९६४ साली भूसेनेतील नव्या रंगरुटांना कवाईत शिकविणाऱ्या उस्तादांना तीच ओळखखूण म्हणून देण्यात आली. याचा परिणाम असा झाला, की जी हॅट बेडन-पॉवेलने लहानथोर सर्वांच्या डोक्यावर सारखी ठेवली होती, ती तिकडील जनमानसात दटावणाऱ्या माणसाची हॅट होऊन बसली. आणि स्काउटांच्या मेळाव्यातही ती आज मुलांपेक्षा वडील पुढाऱ्यांच्याच डोक्यावर अधिक दिसते.

झाकलेले डोके, उघडे डोके

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक गाठ होती. हिंदुस्थानात स्काउटपथके प्रथम निघाली ती १९०९ साली बंगळूरला, आणि ती गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. देशी मुलांसाठी मध्य प्रांतात, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या विव्हियन बोस यांनी १९१३ च्या सुमारास आणि मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ साली काम आरंभिले. बेझंटबाईंच्या पथकांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतील मुले डोक्यास हिंदी पद्धतीचे पागोटे बांधीत आणि देशी गाणी म्हणत.

हे केवळ अभिमानाचे प्रकरण नव्हते. विलायती रिवाजाप्रमाणे पुरुषाने घरात, देवळात आणि वडिलांसमोर हॅट उतरवावयाची असते, आदर दाखवावयाचा तो डोके उघडे करून. आमच्याकडे त्याच्या अगदी उलट: उंबऱ्यापाशी जोडा उतरावयाचा आणि पगडी डोक्यावर ठेवावयाची, बोडक्या डोक्याने देवापुढे किंवा सभेत जावयाचे नाही, उघडे डोके हे सुतकाचे लक्षण. त्या काळातील कोणत्याही शाळेचे सामुदायिक छायाचित्र काढून पाहावे. हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत एकही डोके मोकळे सापडावयाचे नाही. अशा समाजात वावरणाऱ्या शिक्षकाला हॅट देऊन, ती प्रार्थनेच्या वेळी उतरव असे सांगणे म्हणजे त्याला एका हाताने मान देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे होते. त्यातच गांधीटोपी आली आणि कोणाच्या डोक्यावर काय आहे यावरून मनुष्याचे राजकारण ओळखू येऊ लागले. १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निराळी झाली, त्यामागे टोपीहून पुष्कळ मोठी कारणे होती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ती जुन्या बॉय स्काउट संस्थेशी एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी गाईडांची संस्थाही तीत सामील झाली.

पुढे एका पिढीत आमची सर्वांचीच डोकी उघडी झाली. पगडी लग्नापुरती उरली, काळी टोपी आजोबांबरोबर गेली. स्काउटमास्तरांना आज टोपीचे जे अवघडलेपण वाटते, त्याचे बरेचसे मूळ उन्हात नसून येथे आहे: गावात ज्याच्या डोक्यावर एरवी काहीच नसते, त्याने अचानक टोपी घातली की चार लोक वळून पाहतात. गाईडपथकाच्या शिक्षिकांची अडचण तर अगदी निराळी. टोपी ही वस्तू आखूड केसांच्या डोक्यासाठी घडविलेली आहे, आणि अंबाड्यावर ती बसविण्याचा प्रयत्न एकदा पाहिला म्हणजे गणवेश ठरविणाऱ्या समितीत एखादी तरी अंबाड्याची बाई असावी असे वाटू लागते.

मुले पाहतात ते

आता पुढाऱ्याच्या डोक्याकडे वळू. टोपी दोन प्रकारची खूण होऊ शकते. पथकात सर्वांच्या डोक्यावर एकच टोपी असेल तर तिचा अर्थ ‘हा आमच्यातला’ असा होतो. ती एकट्या पुढाऱ्याच्या डोक्यावर असेल, किंवा एकट्या पुढाऱ्याच्याच डोक्यावर नसेल, तर तिचा अर्थ दर्जा असा होतो. दुसऱ्या अर्थाला एक व्यावहारिक बाजू आहे. सिंहगडच्या वाटेवर चाळीस मुले पांगली असता उंचावरून चटकन ओळखू येणारी एक हॅट फार उपयोगी पडते. परंतु ती हॅट आणि पट्टीखाली घडी करून ठेवलेली टोपी यांत फरक आहे. पहिली मुलांच्या सोयीची असते, आणि दुसरी मुलांना एवढेच सांगते की मोठेपणाबरोबर सूट मिळते.

मुले हे वाचतात कसे? स्टॅनफर्ड येथे १९६१ साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुल्यास बडविताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांतील पुष्कळांनी पुढे तसाच बाहुला समोर आल्यावर त्याच तऱ्हेने, त्याच शब्दांनिशी त्यास बडविले. त्यांना कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. जे बाहुल्यास लागू ते टोपीसही लागू होते असे समजून ऑस्ट्रेलियात शाळांचा कारभार चालतो. तेथे उन्हाचा जाच आणि गोरी कातडी यांमुळे अनेक शाळांत ‘हॅट नाही तर खेळ नाही’ असा शिरस्ता आहे, हॅटचा काठ किती रुंद असावा हेही सांगितलेले असते, आणि मैदानावर देखरेख करणाऱ्या शिक्षकांनीही हॅट घालावी अशी अपेक्षा असते. शिक्षकाला ऊन कमी लागावे हा त्यातला गौण हेतू. मुलांनी कुरकुर न करता हॅट घालावी हा मुख्य.

यावरून माझे मत असे, की स्काउटमास्तरांनी टोपी घालावी, परंतु मुलांच्या डोक्यावर जी असेल तीच घालावी, आणि जितका वेळ मुलांनी घातली असेल तितका वेळ ठेवावी. लोकर अर्ध्या तासात असह्य होते असे त्यांना वाटले, तर त्यांनी ‘टोप्या उतरवा’ असा हुकूम सर्वांना द्यावा आणि मग आपली उतरवावी. हा साधा क्रम पाळला की बॅरेटचा त्रास वरिष्ठ कचेरीस कळविण्याचे काम आपोआप होते, कारण जी गोष्ट मास्तरांच्या स्वतःच्या टाळूला जाचते तिच्याविषयी अर्ज लिहिण्यास त्यांची लेखणी लवकर उचलते. ध्वजवंदन आणि संचलन यांना बॅरेट शोभते, शिवाय सकाळी नऊच्या सुमारास सूर्य २० ते २५ अंशांवर असतो तेव्हा काठानेही डोळ्यांपलीकडे फारसे काही साधत नाही. शिबिर, पदभ्रमण आणि मैदानी खेळ यांना मात्र साडेसात सेंटिमीटर काठाची सुती हॅट असावी. दोराच्या कसरतींत, कडा चढताना आणि सायकलीवर या दोन्हींची रवानगी पिशवीत करून शिरस्त्राण घालावे.

अमेरिकेतील स्काउटांकडून येथे एक रिवाज उचलण्याजोगा आहे: पथकाने कोणती टोपी घालावी हे तेथे पथकातील मुलांच्या मताने ठरविता येते. आपल्याकडे शिबिराच्या हॅटीपुरता हा अधिकार मुलांना देण्यास नियमांची फारशी आडकाठी येईल असे वाटत नाही. मुलांनी भडक नारिंगी रंग निवडला, तर झाडीतही दिसणारी नारिंगी हॅट मास्तरांच्या डोक्यावर येईल, आणि शिक्षकांच्या खोलीत चार दिवस तिची टिंगल चालेल.